एकच पासवर्ड सगळ्यांना नको

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील लहानशा वर्कशॉपात चाकणच्या मोटार कारखान्यासाठी एखादा सुटा भाग तयार होतो, तेव्हा लोखंडाच्या आधी तेथे पोहोचते ते ड्रॉइंग. पूर्वी ते निळ्या छापाच्या कागदावर येई. कागद एकच, त्यामुळे तो कोणाकडे आहे हे विचारता येई. आता ती फाइल असते. तिची नक्कल क्षणात होते, आणि झाल्याची खूणही बहुधा मागे राहत नाही.

फाइल सुरक्षित पाठवायची म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुप्त लिपी येते. पण विद्यार्थी मित्रांनो, तो प्रश्न पुष्कळसा सुटलेला आहे. पूर्वी कधीही न भेटलेल्या दोघांना उघड्या तारेवरून बोलूनही सामाईक गुप्त किल्ली ठरवता येते, हे डिफी आणि हेलमन यांनी 1976 साली दाखवले. (मधल्या माणसाने सारे संदेश नुसते ऐकले, तरी व्यवहारात त्याला किल्ली काढता येत नाही. वर्गात हे सांगितले की निम्मी मुले मान हलवतात, निम्मी संशयाने पाहतात!)

दुबळी जागा माझ्या मते दुसरीच आहे. दहा जणांच्या कचेरीत सामाईक फोल्डर एक, पासवर्ड एक, तोही मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. मग ड्रॉइंगमधील 20.02 मिलिमीटरचे 20.20 कोणी केले, हे कसे कळणार? शंभर नग भंगारात जातात आणि दोष लेथवाल्याच्या माथी येतो.

वास्तविक पाहण्याचा हक्क निराळा, बदलण्याचा निराळा. युनिक्स प्रणालीत 1970च्या दशकापासून मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी हे हक्क वेगवेगळे ठरवता येतात. लेथवाल्याला ड्रॉइंग दिसावे. बदल मात्र ज्याचा त्याच्याच नावाने व्हावा.

दुरुस्तीतही हयगय नको. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम विंडोजच्या फाइल-वाटपातील दोषातूनच जगभर पसरला, रेनॉच्या काही कारखान्यांतील उत्पादन थांबले. त्या दोषावरचा उपाय मार्चमध्येच उपलब्ध झाला होता.

स्वतंत्र पासवर्ड मुले विसरतात, अशी शिक्षकांची तक्रार असते. विसरू द्यावेत, नवा देता येतो. नववीच्या वर्गाने प्रयोगवहीची फाइल आपल्या गटाला लिहिता येईल, इतरांना नुसती वाचता येईल, अशी ठेवून पाहावी. लिनक्सच्या संगणकावर हे एका तासिकेत होते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.