पावसाळ्यातलं खुराडं
बेळगावच्या पावसात कोंबड्यांना थंडीपेक्षा खालची ओलच जास्त बाधते. आमच्या पाच कोंबड्यांचं खुराडं चार बाय पाच फुटांचं आहे, म्हणजे एकीला चार चौरस फूट. दाटी झाली की त्या एकमेकींची पिसं उपटतात. खाली तीन-चार इंच भाताचं तूस घालते; आपल्याकडे गिरणीत ते सहज मिळतं. लाकडाचा बारीक भुसा नको, फार धूळ उडते.

तूस मुठीत दाबून पाहा. गोळा झाला तर तेवढं काढून सुकं घाला. वास झोंबेपर्यंत थांबू नका. रक्ती हगवण ओलीतच पसरते, आणि पिल्लं आधी जातात.

सासूबाई दर पावसाळ्यात पोती लावून खुराडं बंद करायला निघतात. झडीची बाजू झाका, पण वरची जाळी उघडीच हवी. वाऱ्याशिवाय तूस सुकत नाही.