चौदा दिवसांच्या गोळ्या, दोन मिनिटांची ओपीडी

शिरूर-दौंडच्या उसाच्या फडात, रांजणगाव-कुरकुंभच्या एमआयडीसीत राबणारा माणूस हुडहुडी भरून तापला की आधी जवळचा खासगी दवाखाना गाठतो. सरकारी ओपीडीच्या रांगेत दिवसाचा रोज बुडतो ना! रक्त न तपासताच सुई आणि पुडीतल्या गोळ्या मिळाल्या, तर तो उपचार नव्हे, अंदाज आहे.

राष्ट्रीय नियम स्पष्ट आहे. आधी रक्ततपासणी, मग औषध. व्हायवॅक्स मलेरियाला तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. ताप तर दोन-तीन दिवसांत उतरतो, मग उरलेल्या गोळ्या कशासाठी? यकृतात दडलेला जंतू त्यांनीच मरतो. नाहीतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी तोच ताप पुन्हा येतो. हे रोग्याला सांगायचे कुणी? चिठ्ठीवरच्या इंग्रजी अक्षरांनी? गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच या, एवढे एक वाक्य जीव वाचवते.

उलट ‘हे लोक गोळ्या पुऱ्या करत नाहीत’ असे आपल्याच माणसांना ऐकवले जाते. न सांगितलेले पाळायचे कसे? ऊसतोड टोळी तर चौदा दिवसांत पुढच्या फडावर जाते.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे ४७ वे कलम सांगते. २०३० पर्यंत मलेरिया हटवण्याचे उद्दिष्टही सरकारचेच. मग कारखान्याच्या गळीत हंगामात तळावर जाऊन रक्त तपासा, आणि चौदा दिवसांच्या गोळ्यांचा हिशेब मजुराला त्याच्या भाषेत समजावून द्या.