साठ हजारांची पुडी

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे एमएसच्या रुग्णाला घरीदारी हमखास मिळणारा सल्ला: ड जीवनसत्त्व घे, प्रतिकारशक्ती वाढेल. मुळात या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंच्या आवरणावरच तुटून पडते. तिला वाढवायचे नाही, आवरायचे आहे.

ते काम ड जीवनसत्त्व थोडेफार करते, हे खरे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०१५ साली ४० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. सहा महिने रोज १०,४०० युनिट घेणाऱ्यांच्या रक्तात दाह वाढवणाऱ्या टी-पेशींचे प्रमाण घटले होते. पण रक्तातला फरक रुग्णाच्या चालण्या-बोलण्यात उतरेलच असे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १७२ जणांना नेहमीच्या इंजेक्शनसोबत रोज ५,००० किंवा ६०० युनिट दिले गेले. ९६ आठवड्यांनंतरही मोठ्या मात्रेने एमएसचे अटॅक कमी झाले नव्हते.

२०२५ मध्ये फ्रान्समधून मात्र आशेची बातमी आली. आजाराची नुकती सुरुवात झालेल्या, एमएसचे औषध सुरू न केलेल्या रुग्णांना दर पंधरा दिवसांनी एक लाख युनिट दिले गेले. दोन वर्षांत आजाराची सक्रियता ६०.३ टक्के रुग्णांत दिसली. नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत ७४.१ टक्के. हा फरक मुख्यतः एमआरआयमधल्या नव्या डागांचा होता, अटॅकचा नव्हे.

आपल्याकडे आठवड्याला ६० हजार युनिटांची पुडी सर्रास दिली जाते. म्हणजे मात्रा फ्रान्सपेक्षा जास्तच. तिथे ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती. इथे आठ आठवड्यांचा कोर्स संपला तरी जुन्याच चिठ्ठीवर पुड्या येत राहतात. अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम वाढते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यातून येणारा थकवा, स्नायूंची दुर्बलता, गोंधळलेपणा एमएसचाच वाटतो, आणि माणूस आणखी एक पुडी फोडतो.

एमएसची औषधे महाग आहेत, पुडी स्वस्त. म्हणून तिच्यावर भिस्त ठेवणाऱ्या रुग्णाला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. पण पुडी लिहून देताना ती कधी थांबवायची, कॅल्शियम कधी तपासायचे आणि एमएसचे औषध तिच्या भरवशावर का सोडायचे नाही, हे त्याच चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते डॉक्टरांचे आहे.