भुताला रडणारी माणसे

भुताची गोष्ट ऐकताना माणसाने भ्यावे, पांघरूण कानापर्यंत ओढून घ्यावे, आणि रात्री परसात जायची वेळ आलीच तर कुणाला तरी सोबतीला उठवावे, अशी आपल्याकडची रीत आहे. रडावे अशी मात्र नाही. पण मी गेली साठ वर्षे पाहत आले आहे, की भुताच्या गोष्टीत भिणारी माणसे थोडी आणि रडणारी पुष्कळ. भिणारा घटकाभराने हसू लागतो. रडणारी बाई दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापतानाही गप्पच असते. दिवाळी अंकात या सदराला एरवीपेक्षा थोडी अधिक जागा मिळते, तेव्हा म्हटले, हा विषय एकदा वाचकांशी निवांत बोलून घ्यावा. सणासुदीला भुतेखेते कशाला, असे कुणी सासूबाई विचारतीलच. त्यांना माझे उत्तर आहे. पण ते सावकाश येईल.

अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. २०१६ साली टेलिव्हिजनवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली. कोकणातले नाईकांचे घर आणि घरातले कर्ते अण्णा गोष्टीच्या आरंभीच गेलेले. पुढे २०१९ च्या जानेवारीत तिचा दुसरा भाग सुरू झाला, तो पहिल्याच्या आधीची हकिगत सांगणारा. त्यात अण्णा जिवंत होते, आणि शेवंता होती. मालिकेचे चित्रण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात झालेले. आमच्या धाराशिवच्या माणसाला त्या माडापोफळीचे काय? आमच्याकडे ज्वारी, तूर आणि उन्हाळाभर पाण्याची वाट पाहणे. पण आमच्या गल्लीतल्या बायका रात्री आवराआवर करून त्या मालिकेपुढे बसत. शेवंता काही कुणाची आदर्श सून नव्हे. दुसरीचा संसार उधळणारी बाई ती, आणि सुरुवातीला बायकांनी तिला यथेच्छ शिव्याही घातल्या. पण जसजसा दुसरा भाग शेवटाकडे सरकू लागला, तसतसा सूर पालटला. “बिचारी मरणार बघा आता,” असे एकमेकींना सांगताना आवाज कापू लागला. हे सारे आधीपासून ठाऊक असताना! पुढे २०२१ साली तिसरा भाग आला आणि अण्णा-शेवंता दोघेही भुते होऊन परतली, तेव्हा या बायकांना भीती वाटण्याऐवजी माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. गणिताचे. ते मला म्हणाले, “वहिनी, हा काय वेडेपणा? जी बाई जन्मालाच आली नाही ती मेली म्हणून रडायचे! तिचे काम करणारी नटी तिकडे मुंबईत सुखाने चहा पीत असेल.”

मास्तरांचे गणित बिनचूक आहे. पण या हिशेबाने जगातली पुष्कळ शहाणी माणसे वेडी ठरतील. १८९३ साली कॉनन डॉइलने आपल्या शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून ढकलून मारले, तेव्हा इंग्रज वाचक इतके खवळले की ज्या मासिकात ती कथा आली त्याची वर्गणी हजारोंनी बंद केली. दहा वर्षांनी, १९०३ साली, लेखकाला होम्स परत जिवंत करावा लागला. तिथे वाचकांनी भांडून मेलेला माणूस परत मिळवला. भुताच्या गोष्टीत भांडावे लागत नाही, तिथे गेलेला आपणहून परत येतो. मग प्रश्न असा, की परत येणारच असेल, तर रडायचे कशाला?

या प्रश्नाचे उत्तर मला एका चित्रपटाने दाखवले. तो म्हणजे ‘मधुमती’.

बिमल रॉय यांचा हा चित्रपट १९५८ साली निघाला. कथा ऋत्विक घटक यांची, संगीत सलिल चौधरींचे. त्या वर्षी त्याने नऊ फिल्मफेअर पारितोषिके मिळवली, आणि हा विक्रम पुढे सदतीस वर्षे टिकला. दिलीपकुमारचा आनंद डोंगराळ मुलखात लाकडाच्या वखारीवर नोकरीला येतो, रानात वैजयंतीमालाची मधुमती भेटते, आणि जमीनदार उग्रनारायणाच्या हवेलीत त्या पोरीचा घात होतो. अब्रू राखण्यासाठी ती गच्चीवरून उडी टाकते. पुढे आनंदला हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी माधवी भेटते. मधुमतीचे भूत बनून तिने उग्रनारायणापुढे उभे राहावे आणि त्याच्या तोंडून गुन्हा वदवून घ्यावा, असा बेत ठरतो. ठरल्याप्रमाणे ती येते, तो गुन्हा कबूल करतो, पोलीस त्याला धरतात. आणि मग दारातून घाईघाईने आत येते ती खरी माधवी, उशीर झाला म्हणून सांगत! मग आतापर्यंत समोर उभी होती ती कोण?

आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि सिनेमाच्या बाबतीत तर आम्ही फारच मागे. नवा चित्रपट आमच्याकडे जुना होऊन यायचा, तोही जत्रेच्या तंबूत. येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भरते, तिथे मी ‘मधुमती’ पाहिला. साल १९६२, वय वर्षे आठ. जमिनीवर बैठक, मधोमध दोरीवर कापड बांधलेले, अलीकडे बाया, पलीकडे बाप्ये. यंत्र एकच, त्यामुळे एक रीळ संपले की दिवे लागत आणि दुसरे चढेपर्यंत शेंगावाला फिरून जाई. मधुमती नाहीशी झाली, आनंद तिला वेड्यासारखा हुडकत फिरू लागला, आणि नेमके रीळ संपून दिवे लागले. बायांच्या बाजूला एकही डोळा कोरडा नव्हता. सगळ्यांनी लगबगीने पदर तोंडावर ओढले.

माझ्या शेजारी माझी धाकटी मावशी बसली होती. आईची सर्वांत लहान बहीण. माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. तिने आजीला विचारले, “आता ती येणारच न्हाई का गं?”

“येती की. भूत होऊन येती. गप बस.”

“मग बरं हाय,” मावशी म्हणाली आणि शेंगा फोडू लागली.

मोठेपणी मी वाचले, की त्या चित्रपटाचे उत्तरेकडे केलेले बरेचसे चित्रण खराब निघाले आणि ते पुन्हा आपल्या इगतपुरीजवळ, वैतरणा धरणाच्या परिसरात करावे लागले. त्यासाठी तिथे खोटी झाडे उभी केली आणि धूर सोडून धुके केले. मास्तरांना हे सांगितले तर त्यांना फार आनंद होईल. डोंगर निराळे, झाडे खोटी, धुके धुराचे! पण येरमाळ्याच्या तंबूत पुसलेले डोळे काही त्यामुळे खोटे ठरत नाहीत.

मावशी पुढे सास्तूरला दिली. आज हे गाव लोहारा तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख आमच्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे दमून निजलेली. पहाटे चार वाजायला चार मिनिटे असताना जमीन हादरली. दगड-मातीच्या हातहात रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. जे घर उन्हाळ्यात गारवा देई तेच अंगावर आले. लातूर आणि आमच्या जिल्ह्यात मिळून साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. मावशीचा मुलगा नववीत होता. मिरवणुकीत लेझीम खेळून आला आणि न जेवताच आतल्या खोलीत निजला होता.

मावशी तेव्हा रडली नाही. रडायला सवड कुठे होती? वरून पाऊस, लाकडे ओली, एकेका चितेवर चार-चार माणसे. मग लष्कराचे जवान आले, मदतीचे ट्रक आले, याद्या करणारे आले. नाव सांगा, वय सांगा, अंगठा करा. ज्या गल्लीत एकाच्या घरचे एक गेले तिथे शेजाऱ्याच्या घरचे पाच गेलेले. त्याच्यासमोर आपल्या एकाचे रडू काढायला माणसाला लाज वाटते. सगळे म्हणत, “बाई धीराची हो!” आम्हीही तेच म्हणालो. मी तिला आमच्याकडे धाराशिवला चल म्हणून परोपरीने विनवले, पण ती गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमधून हलेना.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. शेडच्या रांगेत एकाकडे टेलिव्हिजन होता आणि त्यावर त्या दिवशी ‘मधुमती’ लागला. आम्ही दोघी जाऊन बसलो. शेवटी ते भूत आनंदला गच्चीवर बोलावते आणि तो तिच्या मागोमाग जातो, तिथे मावशीला हुंदका फुटला. तो थांबेना. अंगणातली पोरे हसू लागली, तिचा एक दीर म्हणाला, “पोराला टिपूस काढलं न्हाई, अन् सिनेमाला रडती!” मी तिला हाताला धरून शेडमध्ये आणले, पाणी दिले. पुष्कळ वेळाने ती म्हणाली,

“भूत होऊन का होईना, ती आली तरी. मी दोन वर्सं रातचं दार उघडं ठिवून निजते गं. कोण येतंय?”

वाचकहो, मास्तरांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या शेडमध्ये मिळाले. भुताच्या गोष्टीत आपण रडतो ते कुणी मेले म्हणून नव्हे. मरण काय, रोजच्या वर्तमानपत्रात असते. आपण रडतो ते मेलेले माणूस परत आले म्हणून. कारण त्या क्षणी आपापली न आलेली माणसे आठवतात. ज्याने घरातले कुणीच गमावले नाही, तो त्याच प्रसंगाला भितो. म्हणून तर लहान मुले भुताला भितात आणि म्हाताऱ्या रडतात.

ही ओढ आमच्या मातीतच आहे. धाराशिवपासून जवळच तेर आहे, गोरोबाकाकांचे गाव. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवता तुडवता त्यांच्या पायाखाली त्यांचेच रांगते मूल गेले, आणि पुढे पांडुरंगाच्या कृपेने ते परत मिळाले, ही कथा महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? तेरणाकाठी त्यांची समाधी आहे. कीर्तनात हे आख्यान लागले की मूल परत येणार हे ठाऊक असूनही बायका रडतात, आणि नीट पाहाल तर मूल चिखलात गेले तेव्हापेक्षा ते रांगत परत आले तेव्हा अधिक रडतात. गेलेले बाळ परत आले, या एका गोष्टीसाठी माणसे शेकडो वर्षे ते आख्यान ऐकत आली आहेत.

आपल्या रीतीभातीही पाहा. पितृपक्षात पान वाढून आपण कावळ्याला बोलावतो. शिवला नाही तर जीव खालीवर होतो. म्हणजे गेलेल्याने यावे असे आपल्यालाही वाटते, फक्त तिथीवार आणि बेताने यावे, एवढेच. आणि आता त्या सासूबाईंचे उत्तर. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडे लावतो, तो कुणासाठी? एरवी जिकडे तोंड करून दिवा ठेवत नाही, त्या यमाच्या दिशेला ऐन दिवाळीत एक दिवा असतोच. आपल्या पूर्वजांनी सणातून गेलेल्यांना कधीच वगळले नाही.

मावशी आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. पुनर्वसनात मिळालेल्या घरात राहते. त्या दिवशीच्या रडण्यानंतर ती मुलाचे नाव घेऊ लागली. त्याला काय आवडायचे, तो कसा चिडायचा, शाळेतून येताना चिंचा कशा खिशात भरून आणायचा, हे सांगू लागली. त्याआधी दीड वर्ष त्या घरात त्याचे नाव कुणी उच्चारले नव्हते. तिला दुःख होईल म्हणून! एका जुन्या सिनेमाने जे केले, ते आम्हा सगळ्या शहाण्या नातेवाइकांना जमले नव्हते. दार मात्र ती आता लावून निजते.

तेव्हा या दिवाळीत सगळी मंडळी जमतील, रात्री फराळाचे डबे मध्ये घेऊन टेलिव्हिजनपुढे बसतील, आणि एखाद्या मालिकेत कुणी शेवंता, कुणी मधुमती पांढऱ्या साडीत धुक्यातून चालत येईल. त्या वेळी घरातल्या आजीचे, काकूचे, नाहीतर कधी न रडणाऱ्या मामांचेही डोळे भरून आले, तर हसू नका. “अहो, हे खोटे असते,” असे त्यांना समजावू नका; ते त्यांना ठाऊक आहे. दुसरा कार्यक्रमही लावू नका. तो संपू द्या. मग पोरे झोपल्यावर, हळूच, त्यांच्याजवळ बसून गेलेल्या माणसाचे नाव तुम्हीच आधी काढा. म्हणा, “त्यांना चकली फार आवडायची, नाही?”

पुढचे त्या सांगतील. त्याला रात्र पुरायची नाही.