दिवसाची वीज, रात्रीचा दंश

शिरूर आणि दौंडच्या ऊसपट्ट्यात शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते. कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की अंधारात दारं धरायला जावे लागते. घोणस आणि मण्यार हे दोन्ही विषारी साप रात्रीच जास्त फिरतात. त्यात बिबट्याची भीती. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावल्यानंतर ती आणखी वाढली.

दिवसा वीज हा ऊर्जा खात्याचा विषय समजला जातो. खरे तर तो आरोग्याचाही आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातले बहुसंख्य ग्रामीण भागातले.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांचा भर दिवसाच्या विजेवर आहे. पण सौरपॅनेलची वीज एकाच दिशेने वाहते, म्हणजे डीसी असते. थ्री-फेज मोटरला दिशा बदलणारी एसी लागते. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. त्याच्या युक्तीचे नाव पल्स विड्थ मॉड्युलेशन.

ही युक्ती दारं धरणाऱ्याला लगेच उमजेल. पाटाचे पाणी तेवढेच असते. कुठल्या वाफ्याला किती जाणार, हे बारे किती वेळ उघडे राहते यावर ठरते. इन्व्हर्टरमधले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. दाब तोच, उघडे राहण्याचा वेळ मात्र कमी-जास्त. मोटरच्या वेटोळ्यात हे तुकडे जुळून गुळगुळीत लाट तयार होते. ढग आला तर सौरपंपाचा कंट्रोलर लाटेचा वेग कमी करतो. पंप एकदम बंद न पडता हळू चालतो.

लांब पल्ल्याच्या डीसी वाहिन्यांनाही हेच तत्त्व उपयोगी पडले. १९९९मध्ये सुरू झालेली चंद्रपूर-पडघे वाहिनी १,५०० मेगावॉट वीज ७५२ किलोमीटर नेते, पण तिचे थायरिस्टर मनाला येईल तेव्हा बंद करता येत नाहीत. त्याच वर्षी स्वीडनच्या गोटलंड बेटावरील वाहिनीत पल्स विड्थ मॉड्युलेशन वापरले गेले. अशी केंद्रे कमजोर जाळ्यालाही आधार देऊ शकतात.

मात्र सौरवीज आली म्हणजे धोका संपला असे नाही. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत वीज असतेच. फ्यूज काढला तरी असते. कंट्रोलरचे झाकण घरी उघडू नये. कालव्याचे आवर्तन रात्री आले तर गमबूट आणि बॅटरी हवीच. मण्यारीचा दंश अनेकदा दुखतही नाही. पापण्या जड होणे हे पहिले लक्षण असू शकते. आवळून बांधणे, चिरा देणे टाळावे. अवयव न हलवता १०८ बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे.

एक काम फारशा खर्चाविना होईल. सर्पदंशाच्या नोंदीत गाव, वेळ आणि रुग्ण पाणी देत होता का, एवढे लिहावे. कोणत्या फीडरला दिवसाची वीज आधी द्यायची, हे त्या वहीतून महावितरणला कळेल.