पक्क्या रंगाचा सौदा आधी बोलून घ्यावा

गेल्या काही वर्षांत आपल्या मोहल्ल्यांतील ब्युटी पार्लरांच्या पाट्यांवर मेंदी, फेशियल, ब्रायडल या नेहमीच्या कामांखाली एक नवी ओळ आली आहे : परमनंट मेकअप. भुवया, ओठ आणि पापणीची कड यांत सुईने रंग भरून देण्याचे हे काम. रोजची पेन्सिल आणि लिपस्टिक वाचते म्हणून ग्राहक येतात आणि एका ग्राहकामागे फेशियलच्या कितीतरी पट पैसे मिळतात म्हणून पार्लर चालवणाऱ्या भगिनी हे काम सुरू करतात. घरात चार पैसे यावेत, याला कोणाचा विरोध असणार? पण या कामात जे पैसे घेण्याआधी बोलायला हवे ते पैसे घेतल्यावर बोलले जाते, किंवा बोललेच जात नाही. आमची तक्रार एवढीच आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरात लग्न होते. मुलीने निकाहाच्या १० दिवस आधी भुवया करून घेतल्या. पहिले तीन-चार दिवस त्या कोळशाने ओढल्यासारख्या काळ्या दिसत होत्या. मग पापुद्रे सुटू लागले आणि निकाहाच्या दिवशी एक भुवई दिसत होती, दुसरी अर्धी गेल्यासारखी. घरचे लोक पार्लरवर धावून गेले, पैसे परत मागितले, बोलू नये ते बोलले. गंमत अशी की काम वाईट झालेलेच नव्हते. दीड महिन्याने त्याच भुवया व्यवस्थित दिसू लागल्या. पण हे असे होणार हे मुलीला कोणी सांगितले नव्हते आणि लग्नाची तारीख तिला कोणी विचारली नव्हती.

आपल्या रंगरेज बंधूंना यात नवल वाटणार नाही. ओल्या कापडाचा रंग हा खरा रंग नसतो, हे ते गिऱ्हाइकाला पहिल्यांदा सांगतात. येथेही तसेच आहे. ताजे काम गडद दिसते, सूज असते. साधारण पाचव्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत खपल्या पडतात. त्यानंतर रंग उडून गेल्यासारखा वाटतो आणि त्वचा भरून येता येता चार ते सहा आठवड्यांत पुन्हा वर येतो. मग जेथे रंग धरला नाही तेथे दुसऱ्या सिटिंगमध्ये तो भरावा लागतो. म्हणजे हे काम मुळातच दोन सिटिंगचे आहे. दुसऱ्या सिटिंगचे पैसे वेगळे घ्यायचे असतील तर ते पहिल्या दिवशीच सांगावे. निम्मी भांडणे या एका गोष्टीवरून होतात.

‘परमनंट’ हा शब्दही दोन्ही बाजूंनी फसवा आहे. भुवयांचा रंग साधारण एक ते तीन वर्षांत फिका पडतो. ऊन आणि तेलकट त्वचा तो लवकर घालवतात. तेलकट त्वचेवर केसासारख्या बारीक रेघा काढल्या तर त्या पसरून एकमेकींत मिसळतात. अशा ग्राहकाला मशीनने पावडरीसारखी छटा भरून घेण्याचा सल्ला द्यावा. मात्र रंग फिका पडला म्हणजे पूर्ण गेला असेही नाही. अंश वर्षानुवर्षे राहतो, कधी तांबूस, कधी राखी होऊन. लेझरने काढायला जावे तर ज्या रंगांत लोहाचे ऑक्साइड किंवा पांढरे टायटॅनियम असते ते लेझरखाली उलट काळे पडू शकतात. म्हणून ‘नाही आवडले तर काढून टाकू’ हे आश्वासन कोणी देऊ नये आणि कोणी घेऊ नये.

आता एक नाजूक मुद्दा. नाव काहीही ठेवा, सुईने त्वचेत रंग भरणे म्हणजे गोंदणेच. गोंदणाऱ्या आणि गोंदवून घेणाऱ्या स्त्रियांविषयी हदीसमध्ये आलेली ताकीद आमच्या वाचकांना ठाऊक आहे आणि अनेक उलेमा ती या कामालाही लागू मानतात. फतवा देणे हे व्यापाराच्या पानाचे काम नव्हे. पण ‘हे गोंदण नाही बाजी, वरवरची शाई आहे, वर्षभरात निघून जाते’ असे सांगून ग्राहक पटवणे हे खोटे बोलणे आहे, आणि ते आमच्या कानांवर आलेले आहे. जिला विचारायचे आहे तिने आपल्या आलिमांना विचारावे, पण खरी माहिती घेऊन विचारता यावे. तसेच वुजूचे. पहिले काही दिवस भुवया भिजवू नका, असे बहुतेक पार्लरवाल्या सांगतात. पाच वेळा वुजू करणाऱ्या बाईला ही गोष्ट काम संपल्यावर, मलमाची डबी हातात देताना सांगायची हा कोणता व्यवहार?

कामाची खरी कसोटी सुई किती खोल जाते यावर आहे. त्वचेचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो आणि सतत झडून नवा होतो. रंग तेवढ्यातच राहिला तर तो महिन्याभरात झडतो. त्याखालच्या थराच्या अगदी वरच्या भागात बसला तर टिकतो. त्याहून खोल गेला तर रक्त येते, रंग पसरतो आणि तपकिरी भुवई काही महिन्यांनी निळसर दिसू लागते. केसाएवढ्या फरकाचा हा हात चार दिवसांच्या कोर्समध्ये बसत नाही. जरीकामाचा उस्ताद नव्या शागिर्दाला पहिल्या आठवड्यात शेरवानीवर बसवत नाही. येथे मात्र रबरी कातडीवर दोन दिवस रेघा मारल्या की तिसऱ्या दिवशी जिवंत चेहरा समोर येतो आणि पाचव्या दिवशी सर्टिफिकेट भिंतीवर लागते. ग्राहकाने सर्टिफिकेट पाहू नये; ताजे काम आणि त्याच चेहऱ्याचा वर्षभरानंतरचा फोटो मागावा. ज्या बाईकडे वर्षानंतरचा एकही फोटो नाही तिच्याकडे घाई करू नये.

सुई रक्ताला लागते, तेव्हा हेपेटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचा धोका गंभीरपणे घ्यायलाच हवा. सुई नवी, बंद पाकिटातली आणि ग्राहकासमोर फोडलेली हवी. रंगही छोट्या वाटीत काढलेला हवा. उरलेला परत बाटलीत ओतणे म्हणजे एकीचे रक्त दुसरीला देणे. रंगाची बाटली कोणत्या कंपनीची, तीवर बॅच नंबर आहे की नाही, हे पाहण्यात संकोच कसला? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचेत टोचण्यासाठी एकाही रंगद्रव्याला मंजुरी दिलेली नाही. २००३-०४ मध्ये तेथे परमनंट मेकअपच्या काही छटांमुळे सूज, खाज आणि गाठी आल्याच्या १५० हून अधिक तक्रारी त्या प्रशासनाकडे आल्या होत्या. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून अशा शाईंतील हजारो रसायनांवर बंधने घातली आहेत. आपल्याकडे घाऊक बाजारात बिननावाची बाटली स्वस्त मिळते, हे आम्ही जाणतो. ती घेऊ नये. बधिर करणाऱ्या क्रीमचेही तसेच : ४ टक्क्यांहून जास्त लिडोकेन असलेल्या विनाचिठ्ठी क्रीमबाबत त्याच अमेरिकी प्रशासनाने २०२४ मध्ये इशारा दिला. असे क्रीम जास्त जागेवर लावले किंवा वर प्लास्टिक गुंडाळले तर हृदयापर्यंत त्रास जाऊ शकतो.

काही ग्राहकांना स्पष्ट नाही म्हणावे, किंवा डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, साखर ताब्यात नसलेले मधुमेही, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणारे, जखमेचा व्रण गाठीसारखा वाढतो असे लोक. कोड असलेल्यांना सुईच्या जागी नवा डाग येऊ शकतो. ओठांवर वारंवार पुळ्या उठणाऱ्यांना ओठांच्या कामानंतर त्या हमखास उठू शकतात. त्यांनी आधी डॉक्टरांकडून औषध घ्यावे. काम झाल्यावर एक वर्ष रक्तदान करता येत नाही आणि पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर तेथे सांगावे, कारण क्वचित त्या जागी जळजळ होते. केमोथेरपीने ज्यांच्या भुवया गेल्या आहेत अशा भगिनी या कामाकडे आशेने येतात. त्यांच्याबाबत तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या होकाराशिवाय सुई हातात घेऊ नये.

आमची सूचना साधी आहे. एक छापील कागद करावा, मराठी व उर्दूत. त्यावर रंगाचे नाव व बॅच नंबर, दोन्ही सिटिंगची मिळून रक्कम, खपल्यांचे दिवस, पाण्याचा परहेज आणि ग्राहकाचे आजार लिहावेत. दोघींनी सही करून एकेक प्रत ठेवावी. पैसे त्यानंतर घ्यावेत. कानामागे ठिपक्याएवढा रंग लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. घरात लग्न असेल तर तारीख विचारावी आणि ती दोन महिन्यांच्या आत असेल तर ते काम लग्नानंतर करू, असे सांगून त्या दिवशी फक्त मेंदीची ऑर्डर लिहून घ्यावी.