म्हादईचे वाघ आणि सरकारची पळवाट

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातील गोळावलीच्या रानात, जानेवारी २०२० मध्ये चार वाघ मेलेले आढळले. विषप्रयोगाने मेलेले आणि एकाच कुटुंबातले. वाघाने गुरे मारल्याच्या रागातून विष घातल्याचा आरोप ठेवून गुरे पाळून जगणाऱ्या स्थानिक माणसांना अटक झाली. मग रीतीप्रमाणे हळहळ व्यक्त झाली, दिल्लीहून चौकशी पथक आले, आणि शहरांतून एक जुनाच वाद नव्याने रंगला : जंगल वाघाचे की माणसाचे? वादात दोन पक्ष होते आणि दोघेही दुबळे होते. एकाला वाचा नव्हती, दुसऱ्याला वकील नव्हता. ज्या तिसऱ्या पक्षाच्या वीस वर्षांच्या निष्क्रियतेमुळे हे दोघे एकमेकांच्या जिवावर उठले, तो पक्ष मात्र चौकशी करणाऱ्याच्या खुर्चीत बसला होता. हा तिसरा पक्ष म्हणजे राज्य सरकार.

रानातील प्राण्यांचे व त्यांच्या निवाऱ्याचे रक्षण ही सरकारची मेहेरबानी आहे, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. चांगला मंत्री लाभला तर जंगल वाचते, वाईट लाभला तर जाते. कायद्याची दृष्टी अशी नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ४८-क हे कलम आले आणि वने व वन्यजीव यांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य म्हणून नोंदले गेले. आणीबाणीतल्या त्या दुरुस्तीशी समाजवाद्यांचे भांडण होते आणि ते योग्यच होते. पण जनता सरकारने १९७८ मध्ये त्या दुरुस्तीतील बरीच घाण उपसून काढली, तेव्हा हे कलम विचारपूर्वक जागेवर ठेवले, हेही विसरू नये. पुढे १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नदी, वन, किनारा या संपत्तीचे सरकार मालक नसून विश्वस्त आहे. भांडवलदाराने विश्वस्त व्हावे या गांधीजींच्या कल्पनेची डाव्या मंडळींनी पुष्कळ थट्टा केली. सरकारने विश्वस्त व्हावे, असे आता न्यायालयच म्हणते. त्याची थट्टा करण्याचे काम सरकारांनी स्वतःकडे घेतले आहे.

म्हादईची हकीकत या थट्टेचा उत्तम नमुना आहे. १९९९ मध्ये गोव्यात राष्ट्रपती राजवट असताना राज्यपाल जनरल जेकब यांनी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये जाहीर केली. म्हादईचे क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर. निर्णय धाडसाचा होता. निवडून आलेल्या सरकारने तो घेतला असता काय, याची शंका आहे. पण नकाशावर रेघ ओढली म्हणजे अभयारण्य होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रेघ ओढल्यावर जिल्हाधिकाऱ्याने आतल्या माणसांचे हक्क तपासायचे असतात. कोणाची शेती, कोणाचे काजूचे बाग, कोणाचे चराईचे रान, कोणाची पाणंद याची चौकशी करायची; जे हक्क चालू ठेवता येतात ते चालू ठेवायचे, जे घ्यावे लागतात त्यांचा मोबदला द्यायचा. २००२ च्या दुरुस्तीने तर हे काम शक्य तोवर दोन वर्षांत पुरे करावे, असेही त्यात लिहिले. गोव्यात दोन वर्षे सोडाच, दोन दशके उलटली. गावकरी आपल्याच बागेत चोरासारखा वावरू लागला. वनरक्षक दिसला की त्याच्या छातीत धडकी भरे आणि वनरक्षकाच्या हाती एक नवी सत्ता आली. अशा वातावरणात जनावर मारले गेले तर नुकसानभरपाईसाठी माणूस कोणत्या तोंडाने कचेरीत जाणार? तिथे त्याला पहिला प्रश्न विचारला जाणार : गुरे घेऊन तू अभयारण्यात काय करत होतास?

विषाच्या पुडीमागे हा इतिहास आहे. त्याने गुन्हा क्षम्य होत नाही. पण गुन्ह्याची जमीन कोणी नांगरली ते कळते.

आता दुसरा अंक. म्हादईचे रान हे सुटे बेट नव्हे. उत्तरेला तिलारी आणि दोडामार्गचा पट्टा, पूर्वेला कर्नाटकातील भीमगड, दक्षिणेला मोले, नेत्रावळी, खोतीगाव आणि पलीकडे काळी व्याघ्र प्रकल्प अशी सह्याद्रीची सलग साखळी आहे. या साखळीतून वाघ ये-जा करतात. गोव्यात वाघ फक्त पाहुणे म्हणून येतात, हा सरकारचा आवडता सिद्धान्त. गोळावलीच्या चार मृतदेहांनी तो कायमचा निकालात काढायला हवा होता. वन्यजीव कायद्यात २००६ मध्ये ३८-व्ही हे कलम आले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने शिफारस केली की राज्य सरकारने ते क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करायचे, असे ते कलम सांगते. प्राधिकरणाने गोव्याबाबत शिफारस केली. सरकारने ती फायलीत ठेवली आणि विचारले, शिफारस म्हणजे सक्ती थोडीच? व्यवहारात शिफारस म्हणजे चिठ्ठी. मानली तर मानली. पण २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने, गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर, स्पष्ट निर्णय दिला की या कलमातील शब्द आज्ञेचा आहे आणि तीन महिन्यांत अधिसूचना निघाली पाहिजे. त्याच निकालात, आदिवासी व इतर वनवासी यांचे वनहक्काचे दावे बारा महिन्यांत निकाली काढा, असाही आदेश होता. वर्तमानपत्रांनी पहिला आदेश ठळक छापला, दुसरा कोपऱ्यात. सरकारला दोन्ही नकोसे होते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२५ साली त्या न्यायालयाने आपल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीला या प्रश्नात लक्ष घालण्यास सांगितले. तीन महिन्यांच्या मुदतीची अशी वर्षे झाली.

अपील कशासाठी? तर म्हणे लोक विस्थापित होतील. सत्तरीच्या गरीब माणसाची ही कणव ऐकून भाबड्या कार्यकर्त्याचे डोळे पाणावतील. त्याने जानेवारी २०२१ आठवावा. याच सत्तरीतील शेळ-मेळावली येथे आयआयटीसाठी जमीन मोजायला सरकारने पोलीस पाठवले होते. पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीवर काजू लावणारी माणसे, विशेषतः बायका, वाटेत आडव्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्यावर लाठ्या आणि अश्रुधूर चालला. आंदोलन पेटले म्हणून प्रकल्प मागे घ्यावा लागला. तेव्हा ही कणव कोठे होती? ज्या जमिनीवर इमारत उभी करायची असते तिथला माणूस अतिक्रमक ठरतो. जी जमीन जंगल म्हणून राखायची असते तिथला तोच माणूस एकाएकी भूमिपुत्र होतो.

आणखी एक प्रसंग याहून बोलका आहे. म्हादईचे पाणी कर्नाटक कळसा-भांडुराच्या कालव्यांतून मलप्रभेकडे वळवू पाहते. या पाण्यासाठी गोव्यातील प्रत्येक पक्षाने छाती बडवली आहे. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाने कर्नाटकाला नोटीस दिली. कोणत्या कायद्याने? याच वन्यजीव कायद्याच्या २९ व्या कलमाने, जे अभयारण्यातील पाण्याचा प्रवाह वळवण्यास मनाई करते. म्हणजे शेजाऱ्याशी भांडताना म्हादई हे पवित्र अभयारण्य असते, प्राण्यांचा निवारा असतो, कायदा अक्षरशः पाळायचा असतो. सहा महिन्यांनी उच्च न्यायालय त्याच कायद्याचे दुसरे कलम दाखवून त्याच अभयारण्याला अधिक संरक्षण द्या म्हणते, तेव्हा सरकार वकिलांची फौज घेऊन दिल्ली गाठते. एका हाताने कायद्याची तलवार, दुसऱ्या हाताने कायद्याला ठेंगा.

खरे कारण शोधायला फार दूर जायला नको. व्याघ्र प्रकल्प एकदा जाहीर झाला की त्याची हद्द राज्याला मनाप्रमाणे बदलता येत नाही. आतल्या आणि लगतच्या जमिनीच्या प्रत्येक सौद्यावर बाहेरची नजर राहते. गोव्यात जंगलाच्या कडेला खाण आहे आणि खाणीच्या मागे पैसा आहे. शहा आयोगाने बेकायदा खाणकामातील लुटीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपये सांगितला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणपट्टा नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले. दक्षिणेला मोलेच्या जंगलातून रेल्वेचा दुसरा मार्ग, रुंद महामार्ग आणि उच्च दाबाची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प रेटण्यात आले. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा घाटापलीकडच्या पोलाद कारखान्यांना अधिक वेगाने पोचावा, हा या रुळांमागचा हेतू असल्याचे गोव्यातील आंदोलकांनी सतत सांगितले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुहेरी मार्गाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. सत्तरीच्या शेतकऱ्याच्या नावाने जे गळे काढले जातात त्यांचा सूर या हिशेबाच्या वहीतून निघतो.

एवढे सांगितल्यावर डाव्या मंडळींनी स्वतःकडेही पाहायला हवे. वन्यजीवरक्षण म्हणजे राजेरजवाड्यांचे आणि जीपगाडीतून हिंडणाऱ्या श्रीमंतांचे खूळ, ही धारणा पक्षात अनेक वर्षे होती. तिला आधार होता. देशभर अभयारण्यांच्या नावाने आदिवासी हुसकले गेले. ‘ऐच्छिक’ पुनर्वसनात इच्छा कोणाची होती ते सर्वांना ठाऊक आहे. ज्या प्राधिकरणाची शिफारस गोवा सरकार पाळत नाही, त्याच प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये राज्यांना पत्र लिहून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील ५९१ गावांच्या, ६४,८०१ कुटुंबांच्या स्थलांतराला अग्रक्रम द्या, असे कळवले. तेव्हा सत्तरीतल्या माणसाला भीती वाटत असेल तर तो अडाणी ठरत नाही. त्याने वर्तमानपत्र वाचलेले असते.

परंतु या भीतीचे उत्तर कायदा मोडण्यात नाही, तो पुरता वसूल करण्यात आहे. ज्या ३८-व्ही कलमाने सरकारवर व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचे बंधन घातले, तेच कलम पुढे सांगते की हक्कांची निश्चिती पूर्ण झाल्याशिवाय, ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती असल्याशिवाय, आणि परस्परांना मान्य अटींवर स्वखुशीने तयार झाल्याशिवाय कोणालाही उठवता येणार नाही. भोवतालच्या क्षेत्रात तर माणसाने राहावे, उपजीविका करावी, हेच गृहीत धरले आहे. कायद्याचा पहिला अर्धा भाग प्राधिकरण वाचते, दुसरा अर्धा कोणीच वाचत नाही, आणि गोवा सरकारला पूर्ण कागदच फाडायचा आहे.

दुसऱ्या अर्ध्या भागाचे काम किती कष्टाचे आहे ते एका उदाहरणावरून ध्यानात येईल. गोव्यातील गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ पासून अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. गवळी-धनगर त्या यादीबाहेर राहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे बिगर-आदिवासी वनवासीयाने १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपला वावर सिद्ध करायचा असतो. म्हणजे १९३० पर्यंत मागे जायचे. १९३० मध्ये सत्तरीत पोर्तुगीज राज्य होते, कागद पोर्तुगीजांत, आणि रानोमाळ म्हशी हिंडवणाऱ्या धनगराच्या नावे कोणता फिरंगी कारकून कागद करणार होता? नियमांत यावर तोड आहे : गावातील वृद्धांचे निवेदन, जुनी दैवते, दफनभूमी, विहिरी, गोठ्यांचे अवशेष हाही पुरावा धरता येतो. पण तो गोळा करायला डोंगर चढावा लागतो, ग्रामसभेत बसावे लागते, वनहक्क समितीच्या वहीत लिहावे लागते. सरकारी यंत्रणा ते आपणहून करणार नाही. पक्षाच्या शाखांना पत्रके काढण्याची सवय आहे. ही वही धरण्याची नाही.

भरपाईचाही विचार अर्थशास्त्राच्या साध्या न्यायाने व्हावा. पणजी आणि फोंड्याच्या नळांना ओपा येथून येणारे पाणी म्हादईच्या उपनदीचे. ते पाणी पुरवणारे खोरे जंगलामुळे टिकते, आणि जंगलाच्या आरोग्याचा वरचा साक्षीदार वाघ आहे. लाभ साऱ्या गोव्याला, किनाऱ्यावरच्या हॉटेलांसकट. त्याची किंमत मात्र ज्याची म्हैस वाघाने नेली तो एकटा भरतो. एका म्हशीवर त्याचे वर्षाचे तेल-मीठ चालते. तेव्हा भरपाई म्हणजे दान नव्हे, थकलेले बिल आहे. आणि ते पंचनाम्यानंतर काही दिवसांत, दूध बुडाल्याच्या नुकसानीसह, दावेदाराच्या वनहक्काचा निकाल लागलेला असो वा नसो, चुकते झाले पाहिजे. यासाठी लागणारी रक्कम राज्याच्या अंदाजपत्रकात शोधायलाही भिंग लागेल.

सर्वोच्च न्यायालयात जे व्हायचे ते होईल. दरम्यान सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील कार्यकर्त्यांना तीन आकडे मागता येण्यासारखे आहेत, माहितीच्या अधिकाराखाली, पुढच्या ग्रामसभेआधी : अभयारण्यातील किती हक्कदाव्यांची जिल्हाधिकाऱ्याने चौकशी पुरी केली, वनहक्काचे किती दावे उपविभागीय समितीकडे पडून आहेत आणि कोणत्या तारखेपासून, आणि जानेवारी २०२० नंतर मारल्या गेलेल्या गुरांपैकी किती गुरांची भरपाई किती दिवसांनी मिळाली. उत्तरे मिळाली की ती मराठी-कोंकणीतून ग्रामसभेत मोठ्याने वाचावीत, आणि व्यासपीठावर वनखात्याचा अधिकारी असेल तर त्याला खुर्चीवरून उठू देऊ नये.